एकमताने ओशन सिटी

सुट्टीसाठी समुद्रकाठचं गाव निवडणं ही गोष्ट लोक उगाच अवघड करून ठेवतात. मी ती आठ दिवसांत केली! चौदा माणसं, दोन शहरं, तीन पिढ्या, त्यात एक शाकाहारी पुतणी, आणि तरीही एकमत! चौदापैकी चौदा मतं! आमच्या घराण्यात याआधी एकमत एकदाच झालं होतं, लेनकाकांनी गाऊ नये यावर. तेव्हाही स्वतः लेनकाका तटस्थ राहिले होते.

हे काम पूर्वी आई करायची. नाताळचं झाड उतरलं की तिची निळी वही बाहेर यायची आणि फोन कानाला लागायचा. आमच्या बाजूचे सातआठ फिलाडेल्फियाचे, तिच्या बहिणीच्या बाजूचे सात बाल्टिमोरचे. आज वांडा मावशीशी बोल, उद्या माझ्या भावाशी, मार्टीशी, बोल, परवा पुन्हा मावशीशी. पाच महिने हा खल चालायचा, आणि पाच महिन्यांनंतर दर जुलैत आम्ही कुठे जायचो? लुईसला! दरवर्षी! डेलावेअरमधलं ते एवढंसं गाव. तिथे आकाशपाळणा नाही, रोषणाई नाही, नऊ वाजता सगळं गाव दिवे मालवून झोपतं. फेरीबोट आली की बघायची आणि गेली की बघायची, एवढीच काय ती करमणूक. मार्टी म्हणायचा, "इथे लाटासुद्धा दार वाजवून आत येतात."

पाच महिने विचार करून दरवर्षी तेच गाव निवडायला पाच महिने कशाला लागतात, असं मी एकदा आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "गाव निवडायला नाही लागत. बाकीचं टाळायला लागतात." मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, मला कोडी आवडतात, पण हे कोडं मी तेव्हा तसंच सोडून दिलं.

आई फेब्रुवारीत गेली.

मार्चमध्ये बाबांनी जाहीर केलं की यंदा ते कुठेही येणार नाहीत. बाबांनी चाळीस वर्षं डेलावेअर नदीत टगबोट चालवली, मोठमोठी जहाजं दोरीने ओढून धक्क्याला लावली. पण ते स्वतः एकदा खुर्चीत बसले की त्यांना ओढून नेईल अशी टगबोट अजून निघायची आहे. मी आठवडाभर मागे लागले. शेवटी ते म्हणाले, "येतो. पण एक अट आहे, बर्नी."

"सांगा."

"पहिल्या संध्याकाळी सगळे एका टेबलावर. तुझ्या आईची पद्धत. पंधरा खुर्च्या. त्यातली एक रिकामी राहणार, ती बघायची मी तयारी केलीय. दुसरी एकही रिकामी दिसली, तर मी रविवारी सकाळी परत."

"कोणाचीच रिकामी राहणार नाही, बाबा!"

"वांडा येईल?"

हा प्रश्न रास्त होता. वांडा मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण; लेनकाका तिचे यजमान, डेनिस तिची मुलगी. आई होती तोवर दोन्ही घरं शिवलेली होती. आता ती शिवण किती दिवस टिकते हे सगळेच जरा लांबून बघत होते. म्हणून मी ठरवलं, यंदा कोणाला नाराजच करायचं नाही. खल नाही, फोन नाही. मतदान! घरच्यांच्या ग्रुपवर चार गावांची नावं टाकली: लुईस, केप मे, वाइल्डवुड, ओशन सिटी. प्रत्येकाने एकावर खूण करायची.

पहिलं मत वांडा मावशीचं. ओशन सिटी! पुढे सात हृदयं, तीन खेकडे आणि एक नाचणारी बाई.

दुसरं मत बाबांचं. ओशन सिटी.

बाबांनी मत दिलं हेच एक नवल! पुढे धडाधड चौदा. मार्टीने फोन केला, "बर्नी, तू जिंकलीस! आईला पन्नास वर्षांत जे जमलं नाही ते तू आठ दिवसांत केलंस!" मी नम्रपणे म्हटलं की ही फक्त पद्धतीची बाब आहे. निळी वही माझ्याच कपाटात होती. मी ती उघडली नव्हती. आईचं अक्षर इतक्यात बघायची माझी तयारी नव्हती, आणि शिवाय गरज काय होती? एकमत होतं!

इतकंच नव्हे, एक चमत्कारही घडला. दोन दिवसांनी वांडा मावशीचा फोन आला, तोही रडवेल्या आवाजात.

"बर्नी, तुझ्या बाबांना सांग, त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्याला मोठं मन लागतं गं. माझ्या लुसीलसाठी, तुझ्या आईसाठी केलं त्यांनी हे."

बाबांनी काय केलं ते मला नीट कळलं नाही. अंत्यविधीच्या फुलांबद्दल असेल असं मी धरून चालले. निरोप बाबांना सांगितला. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वांडा सुधारली. पन्नास वर्षं लागली, पण सुधारली. मनाने मोठी निघाली."

दुःख माणसांना मऊ करतं हे मी किती पुस्तकांत वाचलं होतं! आता ते डोळ्यांसमोर घडत होतं. मला भरून आलं. त्या भरात मी घराचं डिपॉझिट भरून टाकलं.

घर काय सुंदर होतं! चौदाव्या रस्त्यावर, समुद्राच्या बाजूला, निळ्या रंगाची ओसरी, दाराला आकड्यांचं कुलूप, आणि दोन पावलांवर बोर्डवॉक, म्हणजे समुद्रालगतचा तो फळ्यांचा लांबच लांब रस्ता. मी ग्रुपवर लिहिलं: "चौदावा रस्ता, समुद्राची बाजू, निळी ओसरी, कुलपाचा आकडा ७३०२. शनिवारी तीन वाजता!" वाचल्याच्या तेराही खुणा आल्या.

पुढचे चार महिने ग्रुपवर नुसता उत्सव. मी विचारलं, "पुलावर गर्दी होण्याआधी निघाल ना?" मावशीने लिहिलं, "साठ वर्षं तो पूल ओलांडतेय, मला शिकवू नकोस!" मार्टीने लिहिलं, "फ्राइजवर व्हिनेगर मारणार!" मावशीने लिहिलं, "व्हिनेगरच! केचप मागणाऱ्याला समुद्रात टाकू!" मी लिहिलं, "समुद्रावर जायचे बिल्ले मी सगळ्यांचे काढून ठेवते." त्यावर मावशीने हसून लोळणारे नऊ चेहरे पाठवले आणि लिहिलं, "बिल्ले म्हणे! आता भरतीचं तिकीट पण काढ!" मला वाटलं, मावशीची विनोदबुद्धी परत आली. बाबांनासुद्धा दाखवलं. ते म्हणाले, "लुसील म्हणायचीच, वांडा मनाने चांगली आहे, फक्त आवाज मोठा आहे."

जुलैचा दुसरा शनिवार उजाडला. आम्ही सातजण दोन गाड्यांतून दुपारी पोचलो. आकाश असं की कोणी आत्ताच धुऊन वाळत घातलंय! मार्टीची तिन्ही पोरं गाडी थांबण्याआधीच समुद्राकडे पळाली. मी कुलपाचे आकडे दाबले, दार उघडलं, खिडक्या उघडल्या, लांब टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या. चौदा, आणि टोकाला एक. बाबा निळ्या ओसरीवर बसले आणि त्यांनी पहिल्यांदा शर्टाचं वरचं बटण काढलं. आमच्या घरात याला आनंदोत्सव म्हणतात.

सव्वातीनला माझा फोन वाजला.

"बर्नी!" वांडा मावशी. मावशीला फोनवर बोलायला खरं तर फोन लागत नाही. "आकडा चुकीचा दिलायस! कुलूप उघडत नाहीये!"

"तू कुठे आहेस?"

"दारात! चौदावा रस्ता, समुद्राची बाजू, निळी ओसरी!"

मी ओसरीवर आले. बाबा होते. मावशी नव्हती.

"मावशी, मी पण दारातच आहे. तू दिसत नाहीस."

"मला तरी तू कुठे दिसतेयस? फ्राइजचं दुकान दिसतंय का तुला कोपऱ्यावर?"

"दिसतंय!"

"आकाशपाळणा?"

"दिसतोय की!"

"समुद्र कुठल्या अंगाला?"

"पूर्वेला!"

"मग मीही तिथेच आहे! मी लाल टोपी घातलीय. हात हलवतेय बघ!"

मी ओसरीच्या कठड्यावर चढले. "मी पण हलवतेय! दिसला का?"

"नाही! जोरात हलव!"

मी दोन्ही हात हलवले. बोर्डवॉकवरून जाणाऱ्या सहा अनोळखी माणसांनी मला उलट हात केले. एकाने तर कुत्र्याचा पंजा धरून हलवला. बाबा शांतपणे म्हणाले, "बुडतेयस का?"

"मावशी, तू बहुतेक शेजारच्या घरापाशी आहेस. दार वाजव बरं!"

पलीकडून धाडधाड आवाज आला. मग एका माणसाचा. मग पुन्हा मावशीचा: "बर्नी! आपल्या घरात एक माणूस आहे! टॉवेलवर!"

आता मात्र माझा पारा चढला. आमचं घर! मार्चमध्ये घेतलेलं! "मावशी, त्याला सांग, आधीच्या लोकांनी सकाळीच घर सोडायचं असतं! त्याला बाहेर काढ!"

"ऐकलंस ना?" मावशी त्याला म्हणत होती. "माझी भाची ग्रंथालयात आहे! तिच्याकडे प्रत्येक गोष्टीची नोंद असते! मुलांनो, सामान आत घ्या!" मागून पोरांचा, चाकांच्या बॅगांचा आणि खेकड्यांच्या टोपल्या सरकवल्याचा आवाज येत होता.

"त्याला फोन दे!" मी म्हटलं.

माणूस सभ्य होता. "बाई, नमस्कार. आमचं इथलं आठवड्याचं बुकिंग आजपासून आहे."

"अशक्य! हे घर आम्ही घेतलंय. मी या क्षणी त्या घरात उभी आहे!"

"तुम्ही घरात आहात?"

"अर्थात!"

"कुठल्या खोलीत?"

मी तरातरा आत गेले. "स्वयंपाकघरात!"

"मीही स्वयंपाकघरात आहे," तो हळूच म्हणाला. "मला तुम्ही दिसत नाही."

पलीकडे एक कपाट उघडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज आला. त्या भल्या माणसाने मला आत शोधलं होतं.

"मावशीला फोन द्या," मी म्हटलं. माझा आवाज जरा बारीक झाला होता. "मावशी, लेनकाकांना दे. ते डोकं शांत ठेवून सांगतील."

"लेन इथे नाहीये. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलाय, बर्फ आणि बिअर आणायला."

"कुठल्या कोपऱ्यावर?"

"हा काय, समोरच! दारूचं दुकान!"

आमच्या ओशन सिटीत दारूचं दुकान नाही. कधीच नव्हतं. गाव वसवणारी मंडळी धार्मिक होती. गावात आजही थेंब विकत मिळत नाही, बिअर हवी तर पूल ओलांडून जावं लागतं. फिलाडेल्फियाच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

"मावशी," मी म्हटलं, "ओशन सिटीत दारूचं दुकान नसतं."

"काय वेड लागलंय का तुला? ज्या गावात दारूचं दुकान नाही ते ओशन सिटी कसं असेल?"

आणि मग दोन्हीकडे असं काही सामसूम झालं की मला फोनमधून समुद्र ऐकू आला. तिच्याकडचा समुद्र. तिच्या मेरीलँड राज्यातल्या ओशन सिटीचा. मी उभी होते ती न्यू जर्सी राज्यातल्या ओशन सिटीत. मध्ये एक अख्खं राज्य, शिवाय एक खाडी.

दुसरं एक ओशन सिटी आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. नकाशा मलाही वाचता येतो! पण जगात आपल्याच नावाची दुसरी एखादी बाई असणार हे आपल्याला माहीत असतं, तसं ते माहीत होतं. तिला जेवायला बोलवायची वेळ येईल असं कोणाला वाटतं? फिलाडेल्फियात ओशन सिटी म्हटलं की ती एकच. बाल्टिमोरातही ती एकच. फक्त वेगळी!

"अरे देवा," मावशी म्हणाली. "डेनिस! मुलांनो! सामान बाहेर काढा! या साहेबांची माफी मागा!"

"मावशी, तू थांब, मी काहीतरी करते!"

"तू थांब, मी येते!"

"नाही, तू थांब!"

"तू..."

आणि हात हलवताना मी कॅमेरा चालू करून ठेवला होता, त्यामुळे माझ्या फोनने तिथेच प्राण सोडला.

मी ओसरीवर आले. बाबांची खुर्ची रिकामी होती.

त्यांनी ऐकलं होतं. आत टेबलावर सात खुर्च्या रिकाम्या राहणार, हे त्यांनी मोजलं होतं. रविवार सकाळपर्यंतही ते थांबणार नव्हते! मी रस्त्यावर धावले. ते गाडीत बसले होते, इंजिन चालू होतं.

"बाबा! घरी नका जाऊ! मी निस्तरते सगळं!"

"घरी कोण जातंय?" बाबा म्हणाले. "बस. वांडाला आणायचीय. पाचची बोट मिळेल."

केप मेपर्यंत पाऊण तास. तिथून खाडीपलीकडे फेरीबोट जाते, गाड्यांसकट, सव्वा-दीड तासात. ती लागते कुठे? लुईसला! बाबांनी गाडी अशी हाकली की चाळीस वर्षं टगबोटीत त्यांना जो वेग मिळाला नव्हता तो सगळा त्यांनी वसूल केला. आम्ही चढलो आणि मागे साखळी पडली.

डेकवर वारा होता. फोन गाडीत थोडा चार्ज झाला होता. मी मावशीला लावला.

"मावशी, तू आहेस तिथेच थांब! आम्ही बोटीत आहोत, तुला घ्यायला येतोय!"

"काय? अगं, आम्ही बोटीत आहोत! तुमच्याकडे यायला!"

"कुठल्या बोटीत?"

"एक समोरून येतेय तिच्या अलीकडच्या!"

मी वर पाहिलं. खाडीच्या बरोबर मधोमध, समोरून एक पांढरी फेरीबोट येत होती. तिच्या कठड्याशी एक लाल ठिपका.

"हात हलव!" मावशी ओरडली.

"हलवतेय!"

"दिसलीस! लेन, बघ, दिसली! काझ पण आहे! काझ! ए काझ!" बाबांच्या नावाची ही हाक मी फोनवरून ऐकली की पाण्यावरून, ते सांगता येत नाही. लाल टोपी, लेनकाका, डेनिस, तिचा नवरा, तीन पोरं; सातही जण कठड्यावर ओणवे होऊन हात हलवत होते. बाबांनी टोपी काढून उंच धरली. दोन्ही बोटींनी भोंगे दिले. मग आम्ही लुईसकडे गेलो आणि ते केप मेकडे.

मावशी केप मेला उतरून सरळ आमच्या घरी पोचली. बरोबर पत्त्यावर, बरोबर आकडा दाबून. म्हणजे ज्या माणसांना आणायला आम्ही निघालो ती सगळी घरी होती; आणि आम्ही दोघं लुईसच्या धक्क्यावर, पुढच्या बोटीची वाट बघत.

बाबांनी धक्क्यावरच्या दुकानाच्या खिडकीवरून फ्राइज आणले. बाकावर बसलो. ऊन कललं होतं. समोर तीच ती करमणूक: बोट गेली, ती बघायची.

"मला माफ करा, बाबा," मी म्हटलं. "एवढी साधी गोष्ट. आईने असं कधी होऊ दिलं नसतं."

"आईकडूनच झालं होतं," बाबा म्हणाले.

"काय?"

त्यांनी एक फ्राय नीट निरखून बघितला. "एकाहत्तर साली. बाल्टिमोरला एका लग्नात भेटली. पोल्का नाच नाचलो. ती म्हणाली, पुढच्या शनिवारी आम्ही ओशन सिटीला जातोय. मी म्हटलं, मीही! ठरलं, दोन वाजता, घोड्यांच्या चक्राशी. मी टॉफीचा डबा घेऊन उभा. दोन वाजले, चार वाजले, सात वाजले. घोडे पाठ झाले मला. टॉफी वितळून डबा शर्टाला चिकटला."

"आणि आई?"

"ती तिच्या घोड्यांपाशी. वांडा बरोबर होती, सोळा वर्षांची. तिने तेव्हाच निकाल दिला की फिलाडेल्फियाची माणसं शब्दाची पक्की नसतात. मग लुसीलचं पत्र आलं. एवढं कडक पत्र मला बंदर खात्याकडूनही कधी आलं नाही. मी लिहिलं, मी ओशन सिटीत होतो. तिने लिहिलं, ओशन सिटीत मी होते. तीन आठवडे हेच. शेवटी तिने नकाशा पाठवला. दोन ओशन सिट्यांवर लाल गोल, मध्ये एक ठिपका. ती बसने आली, मी या बोटीने." त्यांनी धक्क्याकडे हात केला. "तिथे उभी होती. त्या खांबापाशी."

मी खांबाकडे बघितलं. साधा खांब होता. सत्तेचाळीस वर्षांत मी तो एकदाही बघितला नव्हता.

"मग तिने नियमच केला," बाबा म्हणाले. "खरं ओशन सिटी कोणतं, हा विषय घरात काढायचा नाही. वांडा तिचं सोडणार नाही, मी माझं सोडणार नाही. म्हणून लुईस."

"तुम्हाला हे सगळं माहीत होतं! मग मत का दिलंत?"

बाबा जरा ओशाळले. "मला वाटलं, वांडाने हार मानली."

"आणि मावशीला वाटलं तुम्ही!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. मला आधी ठसकाच वाटला, मी पाठीवर थोपटायला हात उचलला. पण ते हसत होते. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. खांदे हलेपर्यंत, डोळे पुसेपर्यंत. फ्राइजची पुडी मांडीवरून घसरली आणि एका समुद्रपक्ष्याने ती अख्खी उचलली, तरी हसत होते. "मोठं मन म्हणे!" ते म्हणाले. "अगं, मी तिला आभाराचं कार्ड पाठवलं!"

तेवढ्यात फोन वाजला. मार्टीच्या फोनवरून मावशी.

"काझ! टेबल मांडलंय. खेकडे तयार आहेत. बारा माणसं बसलीत आणि दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. तुझी आणि तुझ्या पोरीची! कान देऊन ऐक. मी लुसीलच्या टेबलावर रिकाम्या खुर्च्या बघायला आलेली नाही. पुढच्या बोटीने आला नाहीत, तर मी रविवारी सकाळी परत!"

बाबा माझ्याकडे वळले. "तिला माझी अट कोणी सांगितली?"

कोणीच सांगितली नव्हती. तिची स्वतःचीच होती.

आम्ही पोचलो तेव्हा कोणीही जेवलेलं नव्हतं. खेकडे पुन्हा गरम केले. लेनकाकांनी मेरीलँडहून आणलेली बिअर त्या सोवळ्या गावातल्या ओसरीवर टॉवेलखाली झाकून ठेवली होती. तिकडच्या भल्या माणसाला मावशीने डझनभर खेकडे देऊन माफी मागितली होती. त्याने निघताना विचारलं होतं म्हणे, पुढच्या वर्षी पण येणार का?

टोकाच्या पंधराव्या खुर्चीकडे मी बघायचं टाळत होते. शेवटी बघितलं. तिच्यावर मावशीची भलीमोठी पर्स, लाल टोपी आणि पोरांचे ओले टॉवेल.

"मावशी, ही आईची..."

"माहीत आहे," मावशी खेकडा फोडत म्हणाली. "रिकामी खुर्ची तिला कधी बघवायची? म्हणायची, माणूस नसेल तर निदान पसारा ठेवा."

बाबांनी त्या खुर्चीकडे पाहिलं. मग स्वतःची टोपी काढून पसाऱ्यावर ठेवली आणि म्हणाले, "खेकडे इकडे सरकव, वांडा. आणि हे ओशन सिटी खरं आहे."

"स्वप्नात!" मावशी म्हणाली.

पुढचे सात दिवस हा वाद चालला. कोणीही परत गेलं नाही.

रविवारी सकाळी सगळे समुद्रावर गेल्यावर (मावशी बिल्ला लावून, आणि तिच्याकडे फुकट असलेल्या समुद्रासाठी पैसे मोजायला लावणाऱ्या त्या बिल्ल्याला शिव्या देत!) मी ओसरीवर बसून निळी वही उघडली. आता उघडायला हरकत नव्हती. पहिल्याच पानावर, आईच्या ठसठशीत अक्षरात, वर्षानुवर्षं गिरवून जाड झालेली ओळ होती: "ओशन सिटी हा शब्द काढायचा नाही."

मला हसू आलं. पान उलटलं. मागच्या बाजूला अलीकडच्या शाईत, बहुधा जानेवारीतलं, आणखी एक वाक्य होतं.

"काहीही झालं तरी हे काम बर्नीकडे देऊ नये. ती मतदान घेईल."